आईच्या रकान्यात

आमचं घराणं मोठं, हे मी जन्मल्यापासून ऐकत आले. किती मोठं ते कुणी नीट सांगत नसे. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना विचारलं, तर ते कपाळावरचं भस्म सारखं करून म्हणत, "सात पिढ्या व्यापारात आहोत आपण." सातव्या पिढीनं, म्हणजे त्यांनीच, कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतलं धान्याचं दुकान बंद पाडलं हे मात्र सांगायचं राहून जाई. बडा घर पोकळ वासा. त्या वाशाखाली आरामखुर्ची टाकून आप्पा बसत, आणि मी शाळेत शिकवून दमून येऊन त्यांच्यासाठी भाकरी थापत असे.

दादा, माझा थोरला भाऊ, नव्वद सालानंतर लगेचच अमेरिकेला गेला. तिथून तो फोटो पाठवायचा. फोटोत दादा कमी आणि मोटार जास्त. आप्पा ते फोटो खिशात घालून महाद्वार रोडवर फिरायला जात, कुणी विचारो न विचारो बाहेर काढत. आई गेली तेव्हा दादाला रजा मिळाली नाही. त्याचंही आप्पांना कौतुकच वाटलं: "तिकडं कामाची किंमत आहे." इकडे काम कोण करतं, हा विषय कधी निघाला नाही.

मला स्थळं येत होती. एकाचं घराणं हलकं निघालं, एकाच्या चुलत्याची खानावळ होती, एकाच्या आईचं कानडी आप्पांना गावंढळ वाटलं. आप्पांनी एकेक स्थळ पाखडून बाहेर टाकलं, आणि सुपात शेवटी मी एकटी उरले. पुढं स्थळं यायची थांबली. मला त्याचं काही वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगायची. वाटायचं. फार वाटायचं.

दोन हजार साल उलटून गेल्यावर एक दिवस दादाचा फोन आला, की आप्पांना कायमचं तिकडं न्यायचं आहे. नातू मोठा होतोय, त्याला मराठी यायला हवं. मला खरं कारण वेगळं वाटलं, तिथं पोर सांभाळायला माणूस ठेवणं परवडत नसणार. पण कारण काही का असेना. त्या दिवशी मी देवाला हात जोडले. आप्पा जावेत, घर मोकळं व्हावं, रविवारी सकाळी कुणीही मला हाक मारू नये, एवढंच मला आयुष्याकडून हवं होतं. माझं वय चाळिशीला टेकलं होतं. आप्पा गेले असते तर उरलेलं आयुष्य माझं होतं.

कागदांची यादी आली. बाकी सगळं होतं. नव्हता तो आप्पांचा जन्मदाखला, आई-वडील दोघांची नावं असलेला. आप्पांनी यादी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तुला काय, शाळा सुटली की मोकळीच असतेस."

महापालिकेत त्या सालच्या नोंदवहीला वाळवी लागली होती. खिडकीतला माणूस हे इतक्या अभिमानानं सांगत होता, की वाळवी त्यानंच पाळली असावी. 'नोंद सापडत नाही' असं लिहून द्या म्हटलं, तर म्हणाला, "तसं कसं देता येतंय? जिथं जन्म झाला त्या दवाखान्यात बघा आधी. तिथं बी नसली तर मग देतो."

आप्पांचा जन्म आमच्या समाजाच्या प्रसूतिगृहात झाला होता. संस्थानाच्या काळात व्यापारी घरांनी धर्मादाय म्हणून उभा केलेला हा दवाखाना. धर्मादाय करणाऱ्यांनी आपलं नाव मात्र कुठं सांडू दिलेलं नाही. पायरीवर नाव, बाकावर नाव, पाण्याच्या पिंपावर नाव. पंख्याच्या पात्यांवरसुद्धा कुणाकुणाच्या स्मरणार्थ लिहिलेलं होतं, म्हणजे ती पुण्याई वाचायची तर आधी पंखा बंद करून बाळंतिणीला घामानं भिजवायला हवं. आमच्या अज्जाचं, आप्पांच्या वडिलांचं, नाव एका पाळण्यावर होतं. पाळणा मोडका होता आणि त्यात जुन्या गाद्या कोंबल्या होत्या.

जुनी दप्तरं कपड्यांच्या कोठीमागच्या खोलीत होती. तिथला दप्तरी पान खाऊन बोलणारा, त्यामुळं निम्मं बोलणं समजायचं आणि निम्मं साडीवर यायचं. चार दिवस त्यानं मला फिरवलं. पाचव्या दिवशी फडक्यात बांधलेली वही काढली, बोट लावत खाली आला आणि थांबला.

"बाई, तुमच्या वडलांच्या आईचं नाव काय म्हनालासा?"

मी अज्जीचं नाव सांगितलं.

"मग ह्ये कोन?"

बापाच्या रकान्यात आमचे अज्जा होते, आडनाव, पेढी, पेठ सगळ्यासकट. आईच्या रकान्यात दुसऱ्याच बाईचं नाव होतं, आणि पुढं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'आया, येथील'. ते आडनाव मला ठाऊक होतं. आमच्या घरात ते मागच्या दारानं यायचं आणि मागच्या दारानं जायचं.

माझं तोंड बघून दप्तरी खूश झाला. सात पिढ्यांच्या घरातली बाई अशी गप्प झालेली त्यानं पहिल्यांदाच बघितली असणार. पण माणूस अगदीच वाईट नव्हता. पिंक टाकून आला आणि म्हणाला, "तसं काय न्हाय बाई, घाबरू नका. ह्यो कोंड्यावर घेतल्याला दिसतोय."

मग त्यानं सांगितलं. पोटची पोरं जगत नसली की नवं जन्मलेलं पोर सुपात घालून परक्या बाईला देऊन टाकायचं. ते तिचंच झालं, आपलं काही नाही, असं नशिबाला दाखवायचं. बाराव्या दिवशी सूपभर कोंडा देऊन ते तिच्याकडून परत घ्यायचं. कोंड्याच्या मोलाचं पोर, त्याच्यावर कोण डोळा ठेवणार? चालीरीत मला ऐकून माहीत होती. पण ती खेड्यापाड्यातल्या लोकांची, अशी माझी समजूत होती.

"असल्या नोंदी हायत की हितं सात-आठ," दप्तरी म्हणाला. "मोठ्या मोठ्या घरातल्या. तुमच्या म्हाताऱ्या म्हनायच्या, सटवीला फसवायचं तर कागदालाबी फसवाय पायजे. कारकून काय, लिव म्हनलं की लिवलं."

मला हसू आलं आणि किळसही आली. पेढ्या चालवणारी, हुंड्या वाचणारी माणसं ही, आणि यांची खात्री की नशीब घरी येण्याआधी दवाखान्याचं रजिस्टर चाळून येतं. आमचा पंथ मुळात उभा राहिला तो जातपात मोडायला, असं आप्पा व्याख्यान द्यायचे. मोडली होती खरी. बारा दिवसांपुरती, कामापुरती.

आता पेच असा, की वहीत नोंदच नसती तर सोपं होतं, दोन प्रतिज्ञापत्रांवर काम झालं असतं. नोंद होती आणि चुकीची होती, म्हणजे ती दुरुस्त करायला हवी. वकिलांनी सांगितलं, जिचं नाव आईच्या रकान्यात आहे तिनं किंवा तिच्या वारसांनी, मी याची आई नाही, असं लिहून द्यायचं. दप्तऱ्याला विचारलं तर म्हणाला, "म्हातारी जिती हाय की. मुरगूडला लेकाकडं असती. नात तिची हितंच धुण्याला हाय."

आप्पांना सांगितल्यावर त्यांनी आधी रजिस्टर खोटं ठरवलं, मग दप्तरी लाचखाऊ ठरवला, मग मला नीट वाचता येत नाही असं ठरवलं. सगळं ठरवून झाल्यावर गळ्यातलं लिंग मुठीत धरून बसले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, जसं काही त्या बाईच्या पदराखाली त्यांना मीच नेऊन घातलं होतं. तिसऱ्या दिवशी दादाचा फोन आला आणि अमेरिकेनं घराण्यावर मात केली. "कर काय करायचं ते," आप्पा म्हणाले. "मी तिच्या दारात जाणार नाही."

एका सुट्टीच्या दिवशी मी एसटीनं मुरगूडला गेले. स्टँडवर एकानं विचारलं, "कुठलं पावणं?" कोल्हापूर म्हटल्यावर तो घरापर्यंत सोडायला आला, आणि वाटेत माझी जात, पगार आणि लग्न न होण्याचं कारण एवढं विचारून घेतलं.

म्हातारी दारातच शेंगा फोडत बसली होती. नव्वदीला टेकलेली, कमरेत वाकलेली, पण डोळे लख्ख. मी कोण ते सांगितल्यावर तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"तुझ्या आज्जीची तीन गेल्याली," ती म्हणाली. "चवथ्याला मीच हातात घेतलं. माझं पोरगं तवा दोन म्हयन्याचं व्हतं. बारा दिस दोघास्नी पाजलं. तुझा बा लय हावरा, माझ्या पोराला काय ठेवायचा न्हाय." आणि हसली. "आज्जी हुती तवर नागपंचमीला चोळी धाडायची. पुढं कोन धाडतंय?"

मग तिनं विचारलं, "नाकाला भोक हाय का त्येच्या?"

आप्पांच्या उजव्या नाकपुडीवर एक खळी होती. देवी आल्या होत्या त्याचा वण आहे, असं ते सांगत. म्हातारी म्हणाली, नाक तिनंच टोचलं होतं, मुलगी आहे असं भासवायला. सात पिढ्यांच्या व्यापाऱ्याचं हे रहस्य मुरगुडात शेंगा फोडत बसलं होतं. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी पदर तोंडाला लावला.

सुनेनं नव्या कपबशीतून चहा आणला. मी तो घेतला, बशीत ओतून सगळा प्यायले. आप्पा इथं असते तर त्यांच्या घशाखाली उतरला नसता, हे मनात आलं आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झाले. चहा गोड होता आणि मी मोठ्या मनाची होते.

अंगठ्याचं विचारल्यावर म्हातारीनं काही आढेवेढे घेतले नाहीत. "देतो की. त्यात काय हाय? पर एकदा बघतो त्येला. मी येतो कोल्लापूरला."

परतीच्या एसटीत मी आप्पांची खोली कुठल्या रंगानं रंगवायची ते ठरवलं. आरामखुर्ची कुणाला तरी देऊन टाकायची. सकाळी उशिरापर्यंत लोळायचं. एका अंगठ्याचं काम उरलं होतं.

ती आली त्या दिवशी प्रतिज्ञापत्र टाइप करून तयार होतं, शाईचा पॅडही आणून ठेवला होता. चहा झाला की रिक्षानं कोर्टात जायचं, नोटरीसमोर अंगठा घ्यायचा. तिचा मुलगा तिला दारात सोडून बाजाराला गेला. मी आप्पांकडं बघत होते. हे आता नाक मुरडतील, पेपर तोंडासमोर धरतील, तिला बाहेरच्या कट्ट्यावर बसवायला सांगतील. खरं सांगायचं तर मी त्याची वाटच बघत होते. चाळीस वर्षं त्या माणसाला ओळखत होते मी.

आप्पा उठून उभे राहिले. पैसेवाला नसलेल्या माणसासाठी त्यांना उठताना मी त्याआधी बघितलं नव्हतं. त्यांनी स्वतःची आरामखुर्ची पुढं केली. म्हातारी खुर्चीत न बसता खाली भिंतीला टेकली, आणि आप्पाही तिच्यासमोर जमिनीवर बसले, गुडघे दुखत असताना. तिनं त्यांच्याकडं बराच वेळ बघितलं.

"भोक बुजलं की रं," ती म्हणाली.

आप्पांचा हात नाकाकडं गेला. मग ते थोडे वाकले आणि तिनं बोटानं त्यांची नाकपुडी चाचपून बघितली.  सत्तरीकडं झुकलेला माणूस, दुसरीतल्या मुलासारखा मान खाली घालून बसला होता. मला राग आला. इतकी वर्षं मला, आईला, सगळ्या आल्यागेल्याला ज्यानं टोचून खाल्लं, त्याला आता हे सुचावं? मी उठून स्वयंपाकघरात गेले.

चहा घेऊन आले, तीन कप. म्हातारीनं आपल्यापुढचा कप उचलला, फिरवून बघितला. त्याचा कान तुटलेला होता. आप्पांच्या आणि माझ्या कपाला कान होते आणि खाली बशाही होत्या. धुणंभांडी करायला येणाऱ्या बाईचा कप आम्ही मोरीच्या खिडकीत वेगळा ठेवायचो, तो हा.

तिनं तो फरशीवर ठेवला. आवाज न करता ठेवला.

"बाय, कागूद वाच बघू," ती मला म्हणाली.

मी वाचलं. "सदर इसमाशी माझा कोणत्याही प्रकारचा संबंध नाही व पूर्वीही नव्हता."

"संबंद न्हाय." तिनं मान हलवली. "बारा दिस अंगावर प्याला त्यो काय हौदावर प्याला व्हय?"

"आज्जी, ती कायद्याची भाषा असते," मी म्हणाले. "तुम्ही मुरगूडला हो म्हणाला होतात."

"व्हय, म्हनलं व्हतं. आता न्हाय म्हनतो. दवाखान्यात लिवलंय त्ये ऱ्हाऊ दे." ती भिंतीला धरून उठली. "माझ्या घरात तू कशातनं च्या प्यालीस, त्ये बघितलंवतंस न्हवं?"

हे ती माझ्याकडं बघून म्हणाली. आप्पांकडं तिनं बघितलंही नाही. जाताना त्यांच्या डोक्यावरून मात्र हात फिरवला. आप्पा तिच्यामागं अनवाणी कोपऱ्यापर्यंत गेले आणि मुलगा येईपर्यंत तिच्याबरोबर उभे राहिले. मी खिडकीतून बघत होते. ते काहीतरी बोलत होते, ऐकू येत नव्हतं.

दादा फोनवर ओरडला, एका अंगठ्यासाठी सगळं अडलं म्हणून. वकिलांनी दुसरी वाट सांगितली. कोर्टात दावा लावायचा, तिला प्रतिवादी करायचं, साल दीड सालात नोंद बदलून मिळेल. मी कागदसुद्धा जमवले. आप्पांनी सही केली नाही.

"राहू दे," ते म्हणाले. "नोंद आहे ती आहे."

मी खूप भांडले. आयुष्यभर घराणं घराणं करून माझी लग्नं मोडलीत, आणि आता घराणं सोडून द्यायला निघालात तेही माझ्याच मुळावर, असं सगळं बोलले. आप्पांनी ऐकून घेतलं. त्या नागपंचमीला त्यांनी मुरगूडला चोळी पाठवली. पुढच्या वर्षीही पाठवली. तिसऱ्या वर्षी ती राहिली नव्हती.

आप्पा त्यानंतर आठ वर्षं माझ्याजवळच होते. आरामखुर्ची तिथंच, भाकरी तशाच. रविवारी सकाळी सहाला हाक. शेवटची दोन वर्षं अंथरुणावर. दादा शेवटीही आला नाही, त्याला रजा नव्हती.

ही हकीकत मी शिक्षकांच्या खोलीत पुष्कळदा सांगितली आहे. रंगवून सांगते मी, मला ते येतं. रजिस्टर वाचून येणारी सटवी सांगितली की बायका हसतात. शेवटी कान तुटलेला कप आला की गप्प होतात, चुकचुकतात. कुणीतरी म्हणतंच, "काय बाई तुमचे वडील, दूध पाजलेल्या बाईला असं?" मी उसासा टाकते. एकदा शेजारणीला सांगत होते तेव्हा आप्पा आतच होते, दार उघडं होतं. त्यांनी सगळं ऐकलं. बाहेर येऊन ते मला खोटं पाडू शकले असते. ते आले नाहीत, आणि नंतरही त्यांनी तो विषय काढला नाही. त्यासाठीसुद्धा मी त्यांना माफ केलेलं नाही.

आप्पांना गॅस पेटवता येत नव्हता. त्या दिवशी फडताळात बशीवाले सहा कप होते, धुऊन पालथे घातलेले. मी त्यातले दोन घेतले आणि तिसऱ्यासाठी मोरीच्या खिडकीकडं हात लांब केला.